कॉस्टिंगला डी ग्रेड, डोक्यात सीबीआय. फॉर्म भरू की नको?

कळव्याची_ताशेवाली (रविवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

वय २३. राहायला कळव्यात. बाबा वागळे इस्टेटला फिटर आहेत, आई पोळीभाजीचे डबे देते. मी बीकॉम. पाचव्या सेमिस्टरला कॉस्ट अकाउंटिंगमध्ये केटी लागली. कारण विचाराल तर आजारपण नाही, घरची अडचण नाही, काही नाही. ढोल पथक. जुलैपासून रोज संध्याकाळी पुलाखाली सराव, मग आगमनं, विसर्जनं, वर नवरात्रीच्या दोन सुपाऱ्या, आणि परीक्षा आली तेव्हा कॉस्टिंगचं पुस्तक कोरं करकरीत. मी ताशा वाजवते. त्या वर्षी आमचं पथक गाजलं आणि मी आपटले.

दुसऱ्या प्रयत्नात सुटले, पण डी ग्रेड. बाकीचे बी आणि सी आहेत, एकदोन बी प्लससुद्धा. पण गुणपत्रिका हातात घेतली की नजर त्या डीवरच जाते. लग्नाच्या ग्रुप फोटोत एकाचेच डोळे मिटलेले असावेत तसं.

आता सीबीआय कुठून आलं डोक्यात, तर तेही सांगते. सध्या नौपाड्यात एका सीएंकडे एन्ट्र्या मारते. एकदा एका पार्टीची बिलं टाकत होते. तीन वेगवेगळे सप्लायर, तीन वेगवेगळी लेटरहेडं, आणि तिन्हींवर 'ट्रान्सपोर्ट'चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, आपलं काम एन्ट्री मारायचं. मारली. पण त्या रात्री झोप नाही लागली, आणि खरं सांगते, राग येऊन नाही. मजा आली होती. असं शोधत बसायचे कुणी पगार देत असेल तर मला तेच करायचंय.

गेल्या वर्षी एसएससी सीजीएल दिली (दहावीची एसएससी नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा). पहिला टप्पा निघाला, दुसऱ्यात गेले. फार रडले. दिवा स्टेशनजवळ राहणारी आत्या म्हणाली, "पास क्लासवाल्यांना सीबीआय दारात उभं करत नाही." एका क्लासमध्ये चौकशीला गेले तर तिथले सर गुणपत्रिका बघून म्हणाले, "अॅकॅडमिक वीक आहे, आधी एमकॉम करा, मग आमची दोन वर्षांची बॅच घ्या." या वर्षीचा फॉर्म सुटलाय. भरू का? की त्या डीमुळे पुढे कुठेतरी अडकणारच असेन, तर आत्ताच नाद सोडू? उगाच धीर देऊ नका, खरं सांगा.

एटीकेटी_सम्राट (सोमवार, सकाळी ७:१०)

तीन केटी, एक तर दोनदा लागलेली. आज मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर आहे. तुझी कळव्याची लोकल मीच सोडतो असं समज. (नाही सोडत, माझं स्टेशन घाटापलीकडे आहे. पण समज.) भर फॉर्म.

करिअर_कट्टा (सोमवार, सकाळी ९:३२)

भावना बाजूला ठेवून बोलतो. स्पर्धा प्रचंड आहे. कमी ग्रेड असलेल्याने आपली प्रोफाइल आधी भक्कम करावी. एमकॉम किंवा एमबीए केलंत तर पदवीचा डाग झाकला जातो, आणि सरकारी नाही जमलं तरी खाजगीत काहीतरी हातात राहतं. क्लासवाल्या सरांचं अगदीच चूक नाही.

शेवाबंदर (सोमवार, दुपारी १:४५)

करिअर कट्टा, राग मानू नका, पण हा सल्ला खाजगी कंपनीच्या एचआरसाठी ठीक आहे. इथे प्रोफाइल कुणी बघतच नाही, तर भक्कम कुणासाठी करायची?

ताई, माझी ओळख आधी. मी न्हावा शेवाच्या कस्टम हाउसला इन्स्पेक्टर, एक्झामिनर. राहायला उलव्याला. बीएस्सी, ४८ टक्के, दोन केटी. सीजीएलमधूनच लागलो, तिसऱ्या प्रयत्नात. आजपर्यंत एकाही साहेबाने मला माझी टक्केवारी विचारलेली नाही. कंटेनर उघडल्यावर कागदावर लिहिलेला माल आणि आतला माल जुळतोय का, एवढंच विचारतात.

सीबीआयचा सब-इन्स्पेक्टर याच परीक्षेतून लागतो. पात्रता काय, तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. बस. किती टक्क्यांची, ते लिहिलेलंच नाही. टक्क्यांची अट सीजीएलमध्ये ज्युनियर स्टॅटिस्टिकल ऑफिसरसारख्या पदाला आहे, आणि तीही बारावीच्या गणिताची. सीबीआयला वय २० ते ३०. तुझ्याकडे सात वर्षं आहेत. पगार लेव्हल ७, मूळ वेतन ४४,९०० पासून. मुलाखत नाही, ती २०१६ पासून बंदच झाली. म्हणजे तुझी गुणपत्रिका समोर ठेवून भुवया उंचावणारं पॅनेलच या वाटेवर नाही. गुणवत्ता यादी लागते दुसऱ्या टप्प्याच्या मार्कांवर. पहिला टप्पा नुसता चाळण आहे.

आता तू न विचारलेलं. मला तीन गोष्टी सांग, मग पुढचं बोलतो.

तुझी केटी सुटल्याचा निकाल कुठल्या तारखेला लागला? महिना नको, तारीख.

चष्मा आहे का, आणि उंची, वजन किती?

सायकल येते का?

कळव्याची_ताशेवाली (सोमवार, रात्री १०:२०)

दादा, तिसरा प्रश्न वाचून मी ऑफिसात हसले, सरांनी वर बघितलं.

निकाल. सहावं सेमिस्टर जूनमध्येच पास होते. पाचव्याच्या केटीचा निकाल मात्र १९ ऑगस्टला लागला. गेल्या वर्षी. तेव्हा सीजीएलचा फॉर्म भरून झाला होता.

चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना साडेतीन. उंची १५३. वजन ४६. आईच्या मते ४६ नाहीच, काटा खोटा आहे.

सायकल येत नाही. आम्ही चाळीत राहायचो, सायकल ठेवायला जागा नव्हती, मग शिकणार कुठे. तिचा काय संबंध?

शेवाबंदर (मंगळवार, सकाळी ६:५०)

मला वाटलंच होतं. तारखेपासून सुरू करतो, कारण या सगळ्यातली तीच एक गोष्ट तुला खरोखर बुडवू शकत होती.

जाहिरातीत एक कटऑफ तारीख असते. गेली काही वर्षं ती १ ऑगस्ट आहे. शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो, पण त्या तारखेपर्यंत तू पदवीधर झालेली हवीस. म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा निकाल लागलेला हवा, एक केटीसुद्धा शिल्लक नको. तू १९ ऑगस्टला पदवीधर झालीस. गेल्या वर्षीची कटऑफ १ ऑगस्ट. अठरा दिवस.

समजा गेल्या वर्षी दुसरा टप्पा निघाला असता. पेढे वाटले असते, आत्यालाही दिला असता एक. आणि कागदपत्रं पडताळणीच्या दिवशी समोरच्या माणसाने पाचव्या सेमिस्टरची गुणपत्रिका उलटून तारीख बघितली असती आणि फाइल बाजूला ठेवली असती. तेव्हा गेल्या वर्षाचं रडणं परत घे. ते वर्ष तुझं नव्हतंच.

माझ्या बॅचला हे डोळ्यांनी बघितलंय. मुलगा ७८ टक्केवाला. त्याचा एक निकाल राखून ठेवला होता, तो सप्टेंबरात लागला. गेला. मी ४८ टक्केवाला, सगळे कागद मे महिन्यातले, आत. ग्रेड कुणी वाचतही नाही. तारीख मात्र बोट ठेवून वाचतात.

या वर्षी तुला ती अडचण नाही. तरी पदवी प्रमाणपत्र, ते नसेल तर प्रोव्हिजनल, आणि सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आत्ताच एका फाइलमध्ये लाव. केटीची जुनी नापास गुणपत्रिकासुद्धा. लपवायची गरज नाही, फाडायची तर अजिबात नाही.

ओबीसीतून भरणार असशील तर नॉन क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं काढ. आपल्याकडे सेतूमधून सवयीने राज्याचं देतात आणि पोरं तेच घेऊन जातात.

आता चष्मा. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ किंवा दिल्ली पोलिसांत सब-इन्स्पेक्टर व्हायचं असेल तर वेगळी परीक्षा आहे, एसएससी सीपीओ. तिथे दूरची नजर चष्म्याशिवाय ६/६ आणि ६/९ लागते आणि मुलींना उंची १५७. तळोज्याला रॅपिड अॅक्शन फोर्सची १०२ बटालियन आहे, खारघरला सीआयएसएफ आहे, तिकडची वर्दी बघून आपल्याकडची बरीच पोरं याच परीक्षेच्या मागे लागतात. तुझ्यासाठी तो दरवाजा बंद, त्यावर एक दिवसही घालवू नकोस. सीबीआयला मात्र नजर चष्म्यासकट धरतात. मुलींना उंची १५०. तू बसतेस.

राहिली सायकल. पोस्टचा पसंतीक्रम भरताना नुसतं सीबीआय लिहून थांबू नकोस, जागा मोजक्या असतात. खाली इन्स्पेक्टर घाल: सेंट्रल एक्साइज, प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, एक्झामिनर. ईडीचा असिस्टंट एन्फोर्समेंट ऑफिसरही आहे. लेव्हल ७ च सगळे. तपासाचं काम कस्टम्स-जीएसटीमध्येही पोटभर आहे, शिवाय पुढे डीआरआयला, म्हणजे महसूल गुप्तचर खात्याला, जायची वाट असते. पण आमच्या इन्स्पेक्टरला शारीरिक चाचणी आहे. मुलींना १ किलोमीटर चालणं २० मिनिटांत, आणि ३ किलोमीटर सायकल २५ मिनिटांत. उंची १५२, वजन ४८.

चालणं तुझं झालेलंच आहे, ताशा कमरेला बांधून मिरवणुकीत चालणाऱ्याला एक किलोमीटर काय. सायकलही ३ किलोमीटरला २५ मिनिटं म्हणजे रमतगमत. पण येत असेल तर! माझ्या वेळी एक पोरगी सगळ्यात जास्त मार्कांची होती. सायकलवर बसली आणि दहा फुटांवर कुंपणात. लेखी परीक्षेला दोन वर्षं अभ्यास केला होता तिने, सायकलला दोन तास मिळाले नव्हते.

वजन दोन किलो वाढव. हा सल्ला मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला देतोय.

मामलेदार_फॅन (मंगळवार, सकाळी ८:०५)

दोन किलोंची सोय आमच्याकडे आहे. रोज एक तिखट मिसळ, जादा पाव.

करिअर_कट्टा (मंगळवार, सकाळी ११:१५)

शेवाबंदर, टक्क्यांची अट नाही हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण एक सांगा, सीबीआयमध्ये गेल्यावर कॉमर्सचं ज्ञान लागतंच ना? बँक घोटाळे वगैरे. डी ग्रेडवाल्याला तिथे जड नाही जाणार?

शेवाबंदर (मंगळवार, दुपारी २:३०)

हा प्रश्न मात्र चांगला आहे. जाईल की. गाझियाबादच्या अकादमीत ट्रेनिंग होतं, तिथे सगळं नव्याने शिकवतात, पण नंतर फाइल उघडते तेव्हा आत स्टॉक स्टेटमेंट, लेजर, खोटी बिलंच असतात. माझा एक बॅचमेट सीबीआयला आहे. त्याच्याकडे बघून कुणाला वाटणार नाही की हा माणूस छापे वगैरे घालतो. वर्षातले अकरा महिने तो कागद लावत असतो. कोणाला पिस्तूल दिसत असेल सीबीआय म्हटल्यावर, तर त्यांनी ते स्टेपलर समजावं.

म्हणून ताई, ते कॉस्टिंगचं कोरं पुस्तक फेकलं नसशील तर काढ. परीक्षेसाठी नव्हे. स्पेलिंग तुला दिसलं, ते नजरेचं काम झालं. पण त्या तीन बिलांवरचा भाव बाजारापेक्षा किती फुगवलेला होता, हे कॉस्टिंगवालाच सांगू शकतो.

ऐरोली_सेक्टर_आठ (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

मी पण याच रांगेत, दोनदा दुसरा टप्पा दिलाय. ताशेवाली, तुझा इंग्रजीचा स्कोअर किती होता? मी मराठी माध्यमाची. सीजीएलचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच येतो. केंद्रीय दलांतल्या शिपायांची कॉन्स्टेबल जीडी परीक्षा आता मराठीतूनही देता येते, ही नाही. दुसऱ्या टप्प्यात गणित ३० प्रश्न, बुद्धिमत्ता ३०, सामान्य ज्ञान २५ आणि इंग्रजी ४५. प्रत्येकी ३ मार्क. म्हणजे ३९० पैकी १३५ एकट्या इंग्रजीला. चुकलं की एक वजा. मी पहिल्या वेळी वर्षभर गणिताच्या ट्रिका पाठ केल्या आणि इंग्रजीत बुडाले. ग्रेडचं दुःख आपण एवढं करतो, या १३५ चं कुणीच करत नाही.

टायपिंगही बघ. १५ मिनिटांत २००० की डिप्रेशन (म्हणजे तितक्या वेळा की दाबणं), नुसतं पास व्हायचं असतं, पण नापास झालं की बाकीचं सगळं पाण्यात. तू एन्ट्र्या मारतेस म्हणजे तुझं होईल.

आणि आयबीची (केंद्राचा गुप्तचर विभाग) एसीआयओ, म्हणजे तिथल्या अधिकारी पदाची परीक्षा, पण भर, वय २७ पर्यंत, टक्क्यांची अट तिथेही नाही. फक्त तिथे मुलाखत आहे.

कळव्याची_ताशेवाली (मंगळवार, रात्री ११:०५)

ऐरोली, इंग्रजीत मी ४५ पैकी १९ बरोबर आणि १४ चूक. गणित चांगलं होतं. म्हणजे मी कॉस्टिंगच्या नावाने रडत होते आणि घर जळत होतं दुसरीकडे.

अठरा दिवसांचं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पास झाली असतीस तर जास्त वाईट वाटलं असतं." आत्याला अजून सांगितलं नाही.

मुलाखतीवरून एक आठवलं आणि पोटात गोळा आला. त्याच वर्षी एका रात्री सराव दहाच्या पुढे गेला, सोसायटीतून कुणीतरी फोन केला, पोलीस आले. आमच्या सगळ्यांची नावं, पत्ते लिहून घेतले आणि घरी जा म्हणाले. पुढे काही झालं नाही. हे निघेल का? फॉर्ममध्ये लिहायचं का? ग्रेडपेक्षा आता हेच डोक्यात बसलंय.

बिनवर्दीचे_काका (बुधवार, सकाळी ५:५५)

बेटा, हवालदार म्हणून निवृत्त झालो, शेवटची सहा वर्षं चारित्र्य पडताळणीच्या टेबलावर होतो. सकाळी लवकर उठायची सवय सुटत नाही म्हणून यावेळी लिहितोय.

निवड झाल्यावर एक साक्षांकन नमुना भरायला देतात. त्यात विचारलेलं असतं: अटक झाली होती का, गुन्हा दाखल होता का, खटला चालू आहे का, विद्यापीठाने परीक्षेतून कधी काढलं होतं का. केटी म्हणजे परीक्षेतून काढणं नव्हे, तेव्हा ते डोक्यातून काढ.

नावं लिहून घेणं आणि गुन्हा दाखल होणं यात फार अंतर आहे. स्टेशन डायरीत नोंद असेल, ती आमच्या कामाची नोंद असते. एनसी झाली असेल तर ती अदखलपात्र, नुसती तक्रार. एफआयआर असेल तर मात्र वेगळी गोष्ट. अंदाज बांधत बसू नकोस. त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा (ठाण्यात राहून ठाण्यात जायला लाजायचं कशाला), तारीख सांग आणि विचार की माझ्या नावावर काही आहे का. पथकाच्या प्रमुखाला बरोबर ने, त्याच्याकडे नोटीस आली असेल तर त्याला ठाऊक असेल.

आणि जे असेल ते नमुन्यात जसंच्या तसं लिही. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्यातला निकाल आहे. किरकोळ गोष्ट खरी सांगितली तर खातं ती सोडून देऊ शकतं, पण लपवलेली निघाली तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते. माझ्या टेबलावर हेच बघितलं. सोसायटीतल्या भांडणाची एक फालतू केस, पोराने 'नाही' लिहिलं, आणि वर्षभराने घरी. 'होय' लिहिलं असतं तर मी स्वतःच अहवालात दोन ओळी चांगल्या लिहिल्या असत्या.

आयबीच्या मुलाखतीत केटीचं कारण विचारलं तर ढोल पथक म्हणून सांग. आजारपण सांगू नकोस. समोर बसलेल्यांचा जन्म खोटं ओळखण्यात गेलेला असतो. वर ते विचारतील, ताशा वाजवता म्हणजे काय करता, आणि तिथे तू दहा मिनिटं न अडखळता बोलशील.

शेवाबंदर (बुधवार, सकाळी ८:३०)

काका, साष्टांग. ताई, आता नवीन काळजी शोधू नकोस. फॉर्म भरलास का?

कळव्याची_ताशेवाली (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

भरला. पावती डाउनलोड करून तीन ठिकाणी ठेवली.

ठाण्यात (म्हणजे पोलीस ठाण्यात) पथकाच्या दादाबरोबर जाऊन आले. माझ्या नावावर काही नाही, दादालाच तेव्हा समज दिली होती म्हणे. साहेबांनी उलट विचारलं, या वर्षी कुठे वाजवताय.

इंग्रजीसाठी ऐरोली आणि मी रोज रात्री साडेनऊला फोनवर बसतो. ती मला शब्द विचारते, मी तिला गणित. पथकाला सांगितलं, या वर्षी सराव फक्त शनिवार-रविवार. दादाने तोंड वाकडं केलं, पण ताशा काढून नाही घेतला.

वजन ४६.८. डब्याच्या पोळ्या लाटताना आई एक पोळी माझ्या नावाने बाजूला ठेवते आणि समोर उभी राहून संपवायला लावते.

सायकल शेजारच्या नववीतल्या पोराची घेतली आहे, एका तासाला एक वडापाव या भावाने. आज सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून उपवनला गेलो. तळ्याच्या कडेने तो मागून सीट धरून पळत होता आणि मी ओरडत होते, सोडू नकोस, सोडू नकोस. वळून बघितलं तर तो केव्हाच मागे उभा राहून मोबाइल बघत होता. ते बघितलं आणि पडले. डावा गुडघा सोलवटलाय. दादा, तीन किलोमीटरमध्ये वळणं किती असतात?

शेवाबंदर (रविवार, रात्री ९:४०)

माझ्या वेळी मैदानावर गोल फिरवलं होतं. म्हणजे वळणच वळण. उद्या उजव्या बाजूने वळायचा सराव कर, तो गुडघा अजून शिल्लक आहे.